दवात बंद पडणारी गाडी

वाळत घातलेल्या चादरीवर काळी कणी पडली की समजायचं, कारखान्याचं बॉयलर पेटलं. यंदाही पडली. दिवाळी नुकतीच सरली होती, अंगणातल्या दोरीवर पांढरी चादर होती आणि तिच्यावर मिऱ्याएवढ्या चार-दोन काळ्या कण्या. सून पुसायला धावली. तिला म्हटलं, बोट लावू नको, फुंकर मार. उसाच्या चिपाडाची राख असते ती. फुंकली तर उडते, पुसली तर डाग धरते.

मग मळीचा वास येतो. पहिले दोन दिवस नकोसा वाटतो, पुढं नाकाला कळेनासा होतो. पहाटे दव पडायला लागतं. उसाच्या पात्यावरून थेंब सरकतात, पत्र्यावरून टपटपतात, गोठ्याच्या दारातली दोरी हाताला गार लागते. रस्त्यानं दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर सुरू होतात आणि त्यांच्यावरची गाणी शिवारभर ऐकावी लागतात. माझ्या मुलाचा, नामदेवाचाही एक ट्रॅक्टर आहे. सकाळी चावी फिरवतो आणि जातो. त्याची बायको आत भाजी चिरत असते, मान वर करत नाही. बरोबर आहे तिचं. मी मात्र तव्यावर भाकरी टाकायच्या आधी थांबते. ठोका एकसारखा पडतोय का ते ऐकते आणि मग भाकरी टाकते. माया म्हणून नाही. एका हंगामानं कानाला लावलेली खोड आहे ती, जात नाही.

तो हंगाम पेट्रोलच्या ट्रकचा.

आमची जमीन बारामती आणि इंदापूरच्या मध्ये, कालव्याच्या खालच्या अंगाला. काळी माती, वरून कालव्याचा पाझर. उसाला बरी, चाकाला वाईट. ट्रॅक्टर आत घातला की पोटापर्यंत रुतायचा आणि त्याला काढायला दुसरा आणला की तोही रुतायचा. म्हणून आमच्या मालकांनी लष्कराच्या लिलावातला एक जुना ट्रक आणला. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, मुलगाही तात्याच म्हणायचा, मग मीही तेच म्हणायला लागले. ट्रक आला तेव्हा लोक हसले. वरचा रंग खरवडला की खाली हिरवा निघायचा. पण चारी चाकांनी ओढायचा, आणि पहिल्याच हंगामात चिखलातून भरलेला ऊस घेऊन असा बाहेर आला की हसणारे गप झाले. एकच भानगड होती. सगळ्यांच्या गाड्या डिझेलच्या, ही पेट्रोलची. हिची नाडी ओळखणारा मिस्त्री आसपास एकच उरला होता, इंदापूरचे रहिमानभाई.

डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. पेट्रोलच्या इंजिनाला लागते, आणि ती वेळेवर लागते. मी चौथीपर्यंत शिकले, त्यात हे नव्हतं. रहिमानभाईंच्या शेजारी उभी राहून कळलं. इंजिनाच्या कडेला एक काळी टोपी असते. तिच्या मधल्या तोंडातून वीज आत येते आणि भोवतीच्या सहा तोंडांतून सहा वायरींनी सहा प्लगांकडं जाते. टोपीच्या आत एक दांडी फिरते, ती एकेकाचा वाटा एकेकाला देते. प्लगाच्या टोकाला ठिणगी पडते, पेट्रोल पेटतं, गाडी चालते. ठिणगी नाही पडली तर गाडी म्हणजे लोखंड.

आता तात्यांचं सांगते. त्यांच्या बापाची मेंढरं होती. पावसाळा सोडला तर सगळं घर मेंढरांच्या मागं कोकणापर्यंत चालायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मेंढरं विकून झाली होती, पण पाडवा विकला नव्हता. दिवाळीच्या पाडव्याला कळपातल्या पुढच्या मेंढ्याला ओवाळायचं, त्याच्या डोक्यावर नारळाचं पाणी शिंपडायचं आणि दोन शिंगांच्या मधोमध भंडारा भरायचा, अशी आमच्या घरची रीत. पाडव्यापुरता राखलेला शेवटचा मेंढा त्या साली गेला, दारात ट्रक होता. तात्यांनी बॉनेट उघडलं, आत बघितलं आणि ती सहा वायरींची काळी टोपी त्यांना शिंगांच्या डोक्यासारखी दिसली असावी. नारळ फोडला, पाणी टोपीवर शिंपडलं आणि वायरींच्या मधल्या खाचांत पिवळाधमक भंडारा दाबून भरला. मला तेव्हा काही वाटलं नाही. शोभून दिसत होतं.

ऊसतोडीची टोळी संध्याकाळपर्यंत ट्रक भरायची. भरलेला ट्रक रात्रभर दवात उभा राहायचा आणि दिवस उगवायच्या सुमाराला नामा तो कारखान्याला न्यायचा. तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं, मिसरूड नुकतंच नीट आलं होतं. तात्यांना दम्यानं धरलं होतं, क्लच दाबला की छाती भरायची, म्हणून गाडी पोराच्या हातात आली होती.

आमच्या रानातून डांबरीवर यायचं तर कालव्याचा पूल लागतो. वाट कालव्याच्या कडेकडेनं तिरकी वर चढते आणि वर जाऊन पुलाला वळते. एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला भरला कालवा. त्या दिवशी मी चढाच्या खालीच होते, टोळीतल्या बायकांसाठी पाण्याची कळशी घेऊन. ट्रक निम्म्या चढावर गेला आणि खोकला. मग एक ठोका गाळला, मग दोन, मग एक मोठा फटका सायलेन्सरमधून निघाला आणि सगळं चिडीचूप झालं. त्या शांततेत उसाची मोळी करकरली. ट्रक मागं यायला लागला.

त्या जुन्या गाडीचा ब्रेक इंजिनाच्या जोरावर चालायचा. इंजिन मेलं की पेडल पायाखाली दगडासारखं घट्ट व्हायचं. हँडब्रेक नावाला होता. नामानं स्टेअरिंग फिरवलं तसं मागचं चाक कालव्याकडं वळलं. काठावर एक तोडलेल्या बाभळीचा बुंधा होता. चाक त्याला थटलं आणि ट्रक थांबला. बुंधा कुणी जळणाला नेला नव्हता एवढंच. मागच्या फळीवरचे दोन-तीन ऊस सुटून पाण्यात पडले आणि वाहत गेले. ते वाहताना मी बघत राहिले.

नामा खाली उतरला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "आई, ब्रेक न्हाय लागला."

 मी कळशी खाली ठेवली. एक थेंब सांडू दिला नाही.

तुम्ही म्हणाल, मग गाडी उभी करायची. आम्हीही बोललो. पण टोळी एकदाच येते. गाडी उभी राहिली की मुकादम टोळी उचलून दुसऱ्याच्या फडात नेतो आणि मग तुमचा ऊस तुरे येईपर्यंत उभा. दुसरा पूल लांब, आणि तिकडची वाट ट्रकला अरुंद. शिवाय नामालाच थांबायचं नव्हतं. बापाची गाडी आपल्या हातात आली आणि आपल्याच हातात मेली, असं गाव म्हणेल, ही त्याची भीती कालव्यापेक्षा मोठी होती. पोरं अशीच असतात.

दुसऱ्या दिवसापासून मी दगड उचलला. चाकामागं लावायला कुणीतरी दगड घेऊन चालायचं, ही चढावरची जुनीच पद्धत. ते काम टोळीतल्या एखाद्याला सांगता आलं असतं. सांगितलं नाही. दुसऱ्याच्या पोरासाठी माणूस किती चपळाईनं वाकेल, याचा मला भरवसा नव्हता. कडेवरच्या लेकराएवढा जड, एका बाजूनं चपटा दगड निवडला. तो पोटाशी धरून मागच्या चाकाच्या जवळून चालायचं. तोंडावर पेट्रोलचा धूर, मानेवर उसाची पाती, पायाखाली ओली माती, आणि कान इंजिनावर. टोळीतल्या बायकांना गंमत वाटली. एक म्हणाली, मावशी, वरातीत लोक अक्षता घेऊन चालत्यात, तुम्ही दगुड घिऊन चालला. दुसरी म्हणाली, तात्यांना सांगा, गाडीला थंडी वाजती, सकाळी चहा पाजत जा. मीही हसले असेन. दगड खाली ठेवल्यावर.

एक ठोका गळला की बोटं सैल करायची, दुसरा गळला की वाकायचं. दगड चाकाखाली सारायचा आणि हात मागं घ्यायचा. एकदा हात उशिरा निघाला. उजव्या हाताचं मधलं नख काळं पडून गेलं, नवं आलं ते वाकडंच. आजही पीठ मळताना त्याच्यात कणीक अडकते.

रहिमानभाई पहिल्यांदा आले ते दुपारी. इंदापूरहून मोटरसायकलवर, मागं हत्यारांची पेटी बांधून. उंच, किडकिडीत माणूस, डोक्यावर विणलेली पांढरी टोपी, आणि बोलायला सावकाश. त्यांनी प्लग काढून इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि नामाला इंजिन फिरवायला लावलं. टोकावर निळी ठिणगी पडली, चट् करून. लाल पडली तर अशक्त, निळी पडली तर चांगली, असं त्यांनी मला सांगितलं. ही चांगली होती. तरी त्यांनी सहाही प्लग नवे घातले. दुसऱ्या पहाटे गाडी चढावर मेली.

मग त्यांनी टोपी काढून आतले पॉइंट बघितले. ते दोन तुकडे एकमेकांना भेटतात आणि सुटतात, सुटताना वीज उसळते. त्यांच्यातली फट बारीक पातं घालून मोजली, घासून साफ केली. टोपी आतून पुसली. बाहेरच्या भंडाऱ्याला हात लावला नाही. वायरी उपसतानाही त्यांची बोटं त्या पिवळ्याच्या भोवतीनं फिरत होती, जशी देवळातल्या समईच्या भोवतीनं आपण वावरतो तशी. ते मी बघितलं होतं. बघून मला बरं वाटलं होतं, तेवढंच.

दुसऱ्या पहाटे गाडी पुन्हा मेली. कंडेन्सर बदलला. तो वालचंदनगरच्या एका म्हाताऱ्या फिटरनं जुन्या सामानातून शोधून दिला. मग कॉइल बदलली. ती आणायला नामा बारामतीला जाऊन आला. गंमत अशी की प्रत्येक भाग बसवल्यावर गाडी चालायची. चढ चढायची, कारखान्यात रांगेत उभी राहायची, रिकामी होऊन परत यायची, दिवसभर एक ठोका चुकायची नाही. आम्ही म्हणायचो, कॉइलच होती बघा. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताना चढावर तोच खोकला.

आता इतक्या वर्षांनी मला ते स्वच्छ दिसतं. गाडी पहाटे मरायची. मिस्त्री येईपर्यंत, भाग खोलून बसवेपर्यंत ऊन वर यायचं. गाडी उन्हानं सुधारायची आणि नाव त्या दिवशीच्या नव्या भागाचं व्हायचं. माणसाच्या दुखण्यातही मी हे पुष्कळ बघितलं आहे. ताप आपल्या वेळेनं उतरतो आणि शेवटचं औषध ज्यानं दिलं तो मिरवतो.

आणि तात्या. गाडी सुधारली की ते नारळ फोडायचे आणि टोपीवर पाणी शिंपडायचे. गाडी मेली की पहाटे जास्तीचा भंडारा भरायचे. सुधारली म्हणूनही देव, बिघडली म्हणूनही देव. खाचा भरून गेल्या, वायरींच्या बुडाशी पिवळा थर चढला. ते बॉनेटमध्ये वाकून पुटपुटायचे तेव्हा त्यांचा दम्याचा घर्घर आवाज मला घरात ऐकू यायचा. पोरासाठीच करत होते. माझा दगड आणि त्यांचा भंडारा, दोन्ही एकाच्याच मागं चालले होते.

घरात कुणी सरळ बोलेना. नामा ताटावरून अर्ध्यात उठायचा. तात्या म्हणायचे, पोरगं क्लच चुकीचा सोडतंय. पोरगं म्हणायचं, तुमी बसा की मग. तात्या गप व्हायचे, कारण बसता येत नव्हतं. एका संध्याकाळी मी म्हटलं, भंगारवाल्याला बोलवा आणि देऊन टाका. दोघंही माझ्यावर तुटून पडले. तेवढ्यापुरते बाप-लेक एक झाले.

पहाटेची भीती संध्याकाळीच सुरू व्हायची. आकाश निरभ्र दिसलं, वारा पडला, की मला कळायचं, आज दव जास्त पडणार. शेजारणी म्हणायच्या, काय छान गारवा सुटलाय. मला गारवा म्हणजे ओला पत्रा आणि ओला पत्रा म्हणजे चढ. आताही थंडीचं कुणी कौतुक केलं की मी विषय बदलते.

शेवटी रहिमानभाईच म्हणाले, "वहिनी, दुपारी येऊन मी काय बघू? ठणठणीत हाय गाडी. आजारी माणूस आजारी असतानाच बघाया पायजे. उद्या दिस उगवायला येतो. चढावर नेऊ नका, हितंच चालू करा."

ते आले. सूर्य अजून वर यायचा होता पण उजेड झाला होता. ट्रक नखशिखांत ओला. बॉनेट उघडलं तर आतल्या लोखंडावरही घाम फुटल्यासारखे थेंब. तात्या त्यांचा भंडारा करून गोठ्याकडं गेले होते. नामानं इंजिन चालू केलं. सुरुवातीला बरं चाललं, मग खोकायला लागलं. नामानं जोर दिला की जास्तच खोकायचं. रहिमानभाई कान देऊन उभे. मग म्हणाले, अंधार पाहिजे. वीज कुठून तरी बाहेर पळतेय आणि उजेडात ती दिसणार नाही.

अंधार कुठून आणायचा? मी घरात गेले आणि घोंगडी आणली. सासऱ्यांची, काळ्या लोकरीची, पाऊस झेलून झेलून ताठ झालेली. ती बॉनेटवर टाकली आणि पंख्यात जाऊ नये म्हणून पुढची कड मी दोन्ही हातांनी धरली. रहिमानभाई तिच्याखाली गेले. बाहेर नुसते त्यांचे पाय. इंजिन खोकत होतं. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत.

आले तेव्हा तोंड पुसलं. काय दिसलं म्हणून मी विचारलं. त्यांनी नामाकडं बघितलं, गोठ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं.

"वहिनी, तुमीच बघा. मी सांगायचं ते न्हाय."

मी घोंगडीखाली गेले. लोकरीचा वास, पेट्रोलचा वास, तोंडावर गरम वाफ. आधी काही दिसेना. मग दिसलं. काळ्या टोपीवर निळे धागे पळत होते. मधल्या तोंडाकडून कडेच्या तोंडाकडं, एका वायरीकडून दुसरीकडं, बारीक, थरथरते, कीटक चालावेत तसे. आणि ते कुठंही पळत नव्हते. भंडाऱ्याच्या ओल्या वाटेवरूनच पळत होते. जिथं भंडारा दाट तिथं धागा जाड. प्लगाकडं जायची वीज देवाच्या हळदीवरून चालत लोखंडात विरत होती.

नारळाच्या पाण्याला खारटपणा असतो. ते वाळलं तरी थर राहतो, त्यात हळद, त्यावर दव. ओलं झालं की वीज त्यातून वाट काढते, ऊन लागलं की वाट बंद. एवढंच होतं. एवढ्यासाठी माझं पोर रोज पहाटे कालव्याच्या काठावर लोंबकळत होतं.

मी बाहेर आले. नामाला इंजिन बंद करायला सांगितलं. रहिमानभाईंना म्हटलं, हे पुसा. ते हलले नाहीत. म्हणाले, तुमच्या देवाचं आहे, माझ्या हातानं कसं पुसू. तात्यांना काय वाटेल. मला त्यांचा राग आला. एवढा शहाणा माणूस, इतक्या वेळा टोपी हातात घेतली, आतून लखलखीत केली आणि बाहेरून तशीच ठेवली. राग आला आणि त्याच वेळी हेही कळलं की या माणसानं हात राखला तो आमच्यासाठीच. दुसऱ्याच्या देवाला जपणं ही चांगलीच गोष्ट. पण ते जपणं माझ्या पोराला कालव्याच्या काठापर्यंत घेऊन गेलं होतं, आणि जपणाऱ्याला पत्ता नव्हता.

त्यांचं फडकं ऑइलनं बरबटलेलं होतं. मी पदर घेतला आणि पुसलं. खाचांतून नखानं उकरलं. ती पिवळी खपली तुळशीच्या आळ्यात टाकली, उकिरड्यावर नाही. मग रहिमानभाईंनी टोपी हातात घेतली. तिच्या अंगावर केसासारखी एक काळी रेघ भाजली गेली होती, वीज रोज एकाच वाटेनं गेल्यामुळं. ती त्यांनी ब्लेडनं खरवडली. म्हणाले, नवी टोपी मिळेल तेव्हा मिळेल. तोवर ही धरेल. धरायला पाहिजे. हे शेवटचं ते जरा हळू म्हणाले.

टोपी बसवली, इंजिन चालू केलं आणि मी पुन्हा घोंगडीखाली गेले. काळोख. एक धागा नाही. इतका चांगला काळोख मी दुसरा बघितला नाही. पण एव्हाना सूर्य वर आला होता आणि उन्हात तर गाडी नेहमीच चालायची. खरं काय ते दुसऱ्या पहाटे कळणार होतं, दवात, भरलेल्या गाडीनं, चढावर. रहिमानभाई चहा घेऊन निघाले. जाताना गोठ्याकडं वळून तात्यांना नुसता हात केला.

संध्याकाळी मी तात्यांना सांगितलं. गोड करून सांगायची मला सवय नाही. ताट वाढलं आणि सांगितलं.

ते घास हातात धरून म्हणाले, "देवाच्या भंडाऱ्यानं गाडी बंद पडती म्हंतीस?"

"भंडाऱ्यानं न्हाय. ओल्या भंडाऱ्यानं."

"बापानं जन्मभर मेंढरांना लावला. एक तरी मेलं का?"

"मेंढराच्या डोक्यातनं वीज जात न्हाय."

नामा हसला. कितीतरी दिवसांनी हसला, आणि चुकीच्या वेळी. तात्यांनी घास ताटात ठेवला. मला वाटलं आता उठतात. उठले नाहीत. त्यांनी विचारलं, मिस्त्री काय म्हणाला.

"त्यो काय बोलला न्हाय. मलाच बघाय लावलं."

"म्हंजी त्याला दिसलं हुतं."

"व्हय."

"आन् त्यानं पुसलं न्हाय."

"न्हाय. मी पुसलं. पदरानं."

 तात्यांची छाती वाजत होती. माझ्या बोलण्यानं ते कधी मागं हटले नव्हते, त्या दिवशीही हटले नसते. पण मिस्त्री हात आखडून उभा राहिला हे त्यांना लागलं. ताट त्यांनी बाजूला सारलं नाही. जेवलेही नाहीत.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोक म्हणतात, देवभोळा माणूस होता. भोळा अजिबात नव्हता. घाबरलेला होता, मी होते तशीच, आणि भीतीला काहीतरी काम हातात लागतं. मला दगड मिळाला होता, त्यांना ती पिवळी चिमूट. फरक एवढाच की माझा दगड चुकला असता तरी त्यानं गाडी बंद पडली नसती. हे मी त्यांना कधी म्हटलं नाही. म्हणायला हरकत नव्हती, पण वेळ निघून गेली.

दुसऱ्या पहाटे दव असं पडलं होतं की पायवाटेवरचं गवत पांढरं दिसत होतं. कालव्यावर धुकं होतं, पूल दिसत नव्हता. तात्या सगळ्यांच्या आधी उठून ट्रकपाशी गेले होते. भंडाऱ्याची पिशवी कमरेला. त्यांनी बॉनेट उघडलं. मी दारात उभी राहिले आणि ओरडायचं का नाही ते ठरवत होते. ते आत वाकले, टोपीकडं बघत राहिले. खिशातून कोरडं फडकं काढलं, तिच्यावर जमलेलं दव टिपलं, बॉनेट लावलं. मग चिमूटभर भंडारा पुढच्या बंपरला लावला आणि दार उघडून केबिनमध्ये चढले. चढतानाच त्यांना धाप लागली.

"तुमी कुठं?" नामानं विचारलं.

"चल," तात्या म्हणाले. "मी हाय संगं."

पोराच्या जोडीला आता नवराही त्या गाडीत बसला. मी दगड उचलला.

चढ सुरू झाला. मी मागच्या चाकाच्या जवळून चालले. धूर, पाती, चिखल, सगळं रोजचंच. धुक्यामुळं कालवा दिसत नव्हता, नुसतं पाणी सरकल्याचा आवाज डाव्या कानाला. उजवा कान इंजिनावर. बाभळीचा बुंधा मागं गेला. निम्मा चढ आला, रोजची मरायची जागा. एकदा ठोका गळल्यासारखं वाटलं आणि माझी बोटं आपोआप सैल झाली. गळला नव्हता. नामानं गिअर पाडला होता. इंजिनाचा आवाज जड झाला, खोल गेला, आणि तसाच एकसारखा वर चढत राहिला. मी जवळजवळ पळत होते. चाक माझ्यापासून सुटायला लागलं. वरच्या वळणावर ट्रक वळला, उसाचे शेंडे धुक्यात एकदा हलले आणि गाडी पुलावर गेली.

पुलाच्या फळ्या दणदणल्या. मग पलीकडं डांबरीवर चाकांचा आवाज बदलला आणि लांब लांब जायला लागला. मी चढावर, पोटाशी दगड, श्वास वर-खाली. वाटलं, आता थांबतील, एकजण तरी मान बाहेर काढून बघेल. कुणी थांबलं नाही. थांबू नये म्हणूनच तर सगळं केलं होतं.